टक्क्यांनी भरलेल्या लॉगमधनं मराठी (आणि कन्नड) नावं परत कशी काढायची

प्रश्न थोडक्यात असा आलाय. बेळगावात एका मिठाईवाल्याचं ऑर्डरचं पान आहे, कुंदा, करदंट, लाडू असलं सगळं, ऑर्डर खानापूर, निपाणी, चिक्कोडी, येळ्ळूर अशा सगळीकडनं येतात. फॉर्म साधा गेटवाला (म्हणजे भरलेलं सगळं पानाच्या पत्त्यातनं पाठवणारा), डेटाबेसात नीट काही साठवलेलंच नाही, म्हणून आता दिवाळीच्या आधी सर्व्हरच्या लॉगमधनं जुन्या ग्राहकांची नावं, गावं आणि फोन नंबर काढून एक्सेल करून द्यायचंय. पायथॉनमध्ये रिप्लेस लावून बघितलं, मग अनकोट (टक्के उलगडणारं फंक्शन) लावलं, बरंचसं मराठी आलं पण नावांच्या मधे प्लस तसेच राहिले, काही ओळींत काळ्या शंकरपाळीतलं प्रश्नचिन्ह येतंय, काही ठिकाणी %२५ तसंच दिसतंय, आणि काही ओळी कन्नड आहेत की मोडलेल्या तेच कळत नाही. तर कुठलं फंक्शन वापरू?

सरळ उत्तर आधी देतो. नुसतं अनकोट वापरू नका आणि रिप्लेस तर अजिबात नको. यूआरएललिब डॉट पार्स मधलं यूआरएलस्प्लिट घ्या, त्यातनं क्वेरीचा तुकडा (पत्त्यातल्या प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग) बाजूला काढा, आणि तो पार्स_क्यूएसएल ला द्या. एवढ्यानं तुमच्या बहुतेक ओळी सरळ होतील. पण ज्या ओळी त्यानंतरही मोडलेल्या राहतील त्यात माणसांची नावं आहेत ओ, त्या अंदाजानं सोडून द्यायच्या नाहीत, म्हणून आत काय चाललंय ते समजून घ्या, मग प्रत्येक मोडक्या ओळीचं कारण तुम्हाला नुसतं बघून सांगता येईल. (फंक्शनची नावं आणि हेक्सची (सोळाच्या पायावरच्या आकड्यांची) ए ते एफ ही अक्षरं मी इथे देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थात रोमनच टाइप करा.)

पत्त्यात म्हणजे यूआरएलमध्ये मोजकीच अक्षरं जशीच्या तशी चालतात. आरएफसी ३९८६ म्हणून २००५ चं स्टँडर्ड आहे, टिम बर्नर्स-ली आणि दोघांनी लिहिलेलं, त्यात रोमन अक्षरं, आकडे, आणि हायफन, टिंब, अंडरस्कोर, टिल्ड ही चार चिन्हं एवढीच बिनधास्त मोकळी आहेत. बाकी काही चिन्हांना पत्त्यात स्वतःचं काम आहे, जसं & दोन फील्ड वेगळे करतं, = नाव आणि किंमत (पैशांची नव्हे, त्या फील्डमध्ये भरलेला मजकूर) वेगळी करतं, # नंतरचं सर्व्हरकडे जातच नाही. उरलेलं सगळं, म्हणजे आपली अख्खी बाराखडी, बाइटमध्ये मोडून प्रत्येक बाइटच्या आधी % लावून लिहायची. इथे "बाइट" हा शब्द पकडून ठेवा, कारण निम्म्या चुका इथंच होतात. टक्का अक्षराला नाही लागत, बाइटला लागतो. ब हे एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपींची अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) तीन बाइट घेतं, %ई० %ए४ %एसी. त्यावरची एकाराची मात्रा वेगळी मोजली जाते, तिचे आणखी तीन, %ई० %ए५ %८७. असं करत करत "बेळगाव" या शब्दाचे ब, े, ळ, ग, ा, व असे ६ कोडपॉइंट (युनिकोडमध्ये स्वतःचा नंबर असलेली चिन्हं), १८ बाइट, आणि पत्त्यात ५४ कॅरेक्टर होतात. ५४! म्हणून ते लॉग बघितलं की डोळे फिरतात, पण त्यात गूढ काही नाही.

आता यावरनं कळेल की नेटवर जे घरगुती कोड फिरतं, म्हणजे % दिसला की पुढची दोन अक्षरं घ्या, हेक्सचा आकडा करा आणि सीएचआर लावून अक्षर करा, ते इंग्रजीला चालतं आणि मराठीला का मरतं. ते प्रत्येक बाइटला एकेक अक्षर समजतं. तीन बाइट एकत्र केल्याशिवाय ब तयार होत नाही. तर क्रम असा पाहिजे, आधी सगळे टक्के उलगडून बाइटची रांग करायची, आणि मग ती अख्खी रांग यूटीएफ-८ म्हणून वाचायची. पायथॉन ३ चं अनकोट हे स्वतःच करतं, तुम्हाला दोन्ही पायऱ्या वेगळ्या हव्या असतील तर अनकोट_टू_बाइट्स आहे, मोडक्या ओळी तपासताना मी तेच वापरतो कारण त्यात काही लपत नाही.

आता यूआरएलस्प्लिट आधी का. समजा एका ग्राहकाने नाव लिहिलं "पाटील & सन्स". ब्राउझर त्यातला & हा %२६ करून पाठवतो, बरोबरच करतो, म्हणजे तो फील्ड तोडणारा & नाही हे कळावं. तुम्ही अख्ख्या ओळीवर आधी अनकोट लावलं तर तो %२६ परत & होतो, आणि त्यानंतर तुम्ही & वर ओळ तोडली की नाव राहिलं नुसतं "पाटील" आणि "सन्स" हे कुठलंतरी बिनाकिमतीचं फील्ड होऊन हरवलं. त्यामुळं आधी तोडायचं, मग तुकडा तुकडा डिकोड करायचा (टक्के उलगडून मूळ अक्षरं काढायची), आणि प्रत्येक तुकडा एकदाच. भाषा कुठली का असेना, हा क्रम बदलत नाही. पार्स_क्यूएसएल हाच क्रम पाळतं, म्हणून ते वापरा म्हणालो. त्याला दोन गोष्टी मात्र सांगून ठेवा. एक, कीप_ब्लँक_व्हॅल्यूज ट्रू करा, नाहीतर ज्यानं गाव रिकामं सोडलंय त्या ओळीतनं ते फील्डच गायब होतं आणि एक्सेलचे कॉलम सरकतात. दुसरं, एरर्स ला स्ट्रिक्ट द्या. याचं डिफॉल्ट रिप्लेस आहे, म्हणजे न वाचता आलेल्या बाइटच्या जागी गुपचूप ती काळी शंकरपाळी ठेवून पुढे जायचं. तुमच्या एक्सेलमध्ये ज्या शंकरपाळ्या आल्यात त्या अशाच, आणि त्या आल्या की मूळ बाइट काय होते ते त्या स्ट्रिंगमधनं परत काढता येत नाही. स्ट्रिक्ट दिलं की युनिकोडडिकोडएरर येतो, तो पकडा, ती कच्ची ओळ जशीच्या तशी दुसऱ्या फाइलमध्ये टाका आणि पुढे चला. नंतर ती फाइल शांतपणे बघता येते.

प्लसचं प्रकरण. एचटीएमएलचा फॉर्म जेव्हा डेटा पाठवतो तेव्हा स्पेसच्या जागी + लिहितो, ही फॉर्मची जुनी पद्धत, आणि खराखुरा + असेल तर तो %२बी करतो. पण आरएफसी ३९८६ मध्ये + म्हणजे स्पेस असं काही नाही, तिथे स्पेस म्हणजे %२०. म्हणून अनकोट प्लसला हात लावत नाही आणि अनकोट_प्लस लावतं. पार्स_क्यूएसएल फॉर्मसाठीच आहे त्यामुळं ते प्लसचा स्पेस करतं, %२० चाही करतं, दोन्ही एकाच लॉगमध्ये मिसळले असले तरी चालतं. आणि मिसळतात, कारण पानावरचं एखादं बटण जावास्क्रिप्टच्या एनकोडयूआरआयकंपोनंट मधनं लिंक बनवतं, ते स्पेसला %२० करतं, आणि साधं सबमिट बटण + करतं. मात्र पत्त्याच्या प्रश्नचिन्हाच्या आधीच्या भागात, म्हणजे पाथमध्ये, + म्हणजे + च. तिथे अनकोट_प्लस लावू नका.

आता फोन नंबर बघा. ग्राहकाने +९१ लावून नंबर लिहिला आणि ती लिंक कुणी जावास्क्रिप्टात एनकोडयूआरआय नं बनवली (कंपोनंट नसलेलं, हे + आणि & ला हात लावत नाही) किंवा नुसती स्ट्रिंग जोडून बनवली, तर लॉगमध्ये + कच्चाच पडलाय आणि डिकोड केल्यावर त्याचा स्पेस होणार. तुम्हाला " ९१..." असा स्पेसनं सुरू होणारा नंबर दिसेल. हे डिकोडर ओळखू शकत नाही, त्याला काय माहीत ते फोनचं फील्ड आहे. पण तुम्हाला माहीत आहे की. म्हणून फोनच्याच कॉलमसाठी नियम लावा, पुढे स्पेस आणि मग ९१ आणि मग दहा आकडे असतील तर तो प्लस होता. नावाच्या कॉलमला हा नियम लावू नका.

%२५ बद्दल जरा सविस्तर बोलायला पाहिजे, कारण यातच लोक सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. %२५ म्हणजे स्वतः % हे चिन्ह. लॉगमध्ये %२५ई० %२५ए४ %२५एसी असं दिसत असेल तर आधीच एनकोड झालेली स्ट्रिंग कुणीतरी परत एकदा एनकोड केलीय. कोण करतं हे? पानावरनं व्हॉट्सअ‍ॅपची शेअर लिंक बनवणारा कोड, पेमेंट झाल्यावर परत येण्याचा पत्ता बनवणारा कोड, किंवा एका प्रोग्रॅमरने हाताने एनकोड केलं आणि वापरलेली लायब्ररी पण करते हे त्याला माहीत नव्हतं, असं. पण यातलं एक वेगळं ओळखा. पत्त्याच्या आत दुसरा पत्ता असेल, म्हणजे रिटर्न= किंवा नेक्स्ट= अशा फील्डमध्ये, तर आतल्या पत्त्यातल्या टक्क्यांचं बाहेर %२५ होणं हे अगदी बरोबर आहे. तिथे बाहेरचं तोडून डिकोड केलं की आतला पत्ता स्वच्छ मिळतो, मग त्याला परत यूआरएलस्प्लिट, परत पार्स_क्यूएसएल. प्रत्येक थर आपापल्या वेळी एकदाच.

जे करू नये ते म्हणजे "स्ट्रिंग बदलायची थांबेपर्यंत डिकोड करत राहा" असं लूप. दिसायला हुशारी वाटते पण ग्राहकाने खरंच % लिहिलेलं असू शकतं. कुणी शेऱ्यात "साखर ५०% कमी" लिहिलं, एकदा डिकोड केलं की ते तसं मिळालं, आता दुसऱ्यांदा डिकोड केलं तर पायथॉन गप्प बसेल कारण % नंतर दोन हेक्स अक्षरं नाहीत, पण जावास्क्रिप्टचं डिकोडयूआरआयकंपोनंट तिथे यूआरआयएरर फेकून ती स्क्रिप्टच थांबवेल. आणि % नंतर योगायोगानं दोन इंग्रजी आकडे आले, कूपन कोडमध्ये येतात, तर पायथॉनसुद्धा ते गिळून दुसरंच अक्षर देईल. सुरक्षेचं तर वेगळंच. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमध्ये हाच दोष निघाला, एकदा डिकोड करून पत्ता तपासायचा आणि तपासल्यानंतर परत एकदा डिकोड करायचा, त्यामुळं दोनदा एनकोड केलेला बॅकस्लॅश तपासणीतनं सुटून आतल्या फोल्डरपर्यंत जायचा, आणि त्याच वर्षीच्या निमडा वर्मनं (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) त्याचा पुरेपूर फायदा घेतला. तर तुमच्या जुन्या लॉगसाठी मी असं करतो: एकदा डिकोड करा, मग बघा की त्या किमतीत एकही देवनागरी किंवा कन्नड अक्षर नाही आणि %ई०%ए४, %ई०%ए५, %ई०%बी२, %ई०%बी३ यापैकी काही उरलंय का. दोन्ही खरं असेल तरच त्या एका फील्डला दुसऱ्यांदा डिकोड करा आणि शेजारच्या कॉलममध्ये "दोनदा" अशी खूण ठेवा.

आणि हे जे चार तुकडे सांगितले ते आपल्या भागात फार उपयोगी आहेत. देवनागरीचा युनिकोड ब्लॉक ०९०० पासून सुरू होतो, कन्नडचा ०सी८० पासून. यूटीएफ-८ मध्ये दोन्ही ई० नं सुरू होतात, पण मधला बाइट देवनागरीत ए४ किंवा ए५ असतो आणि कन्नडमध्ये बी२ किंवा बी३. म्हणजे डिकोड न करता, नुसता लॉग डोळ्यासमोरनं सरकवत, कुठली ऑर्डर मराठीत आली आणि कुठली कन्नडमध्ये ते सांगता येतं. आणखी एक, जे मला अजूनही फार आवडतं. दोन्ही लिपींची मांडणी युनिकोडनं भारतातल्या इस्की या जुन्या स्टँडर्डवरनं घेतली, त्यामुळं सारखी अक्षरं सारख्याच जागेवर बसलीत. मराठी ग म्हणजे ई० ए४ ९७, कन्नड ग म्हणजे ई० बी२ ९७. मराठी ळ ई० ए४ बी३, कन्नड ळ ई० बी२ बी३. फक्त मधला बाइट बदलतो, शेवटचा तोच! पण म्हणून नुसता मधला बाइट बदलून कन्नड नावांचं मराठी करायला जाऊ नका. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे आहेत, बेळगावीच्या कन्नड नावात ऱ्हस्व एकार आहे, ई० बी३ ८६, आणि आपला एकार ८७ वर. त्यामुळं तुलना करायला गेलं तर गाव एकच, पण जुळत नाही.

तुमच्या कन्नड ओळी मोडलेल्या नसाव्यात. डिकोड करून चौकोन दिसत असतील तर त्या मशीनवर कन्नड फाँट नाही एवढंच. चौकोन आणि शंकरपाळीतलं प्रश्नचिन्ह हे दोन वेगळे आजार आहेत. चौकोन म्हणजे अक्षर आहे पण दाखवता येत नाही, शंकरपाळी म्हणजे अक्षरच गेलं.

आता शंकरपाळ्यांचं. एरर्स स्ट्रिक्ट करून जी बाजूची फाइल तयार झाली ती उघडा, आणि एरर न देताही विचित्र दिसणाऱ्या ओळी बघा, त्यांत साधारण हे सापडेल. पहिलं म्हणजे कापलेल्या ओळी. लॉग कुणीतरी टेबलात भरला असेल आणि कॉलम २५५ कॅरेक्टरचा असेल तर हिशोब करून बघा, एक देवनागरी कोडपॉइंट ९ कॅरेक्टर खातो, २८ गुणिले ९ म्हणजे २५२, उरले ३, म्हणजे बरोब्बर २८ कोडपॉइंट आणि शेवटी एक एकटा %ई०. डिकोड केलं की २८ नंतर एक शंकरपाळी. मधे स्पेस किंवा आकडे असतील तर जागा सरकेल आणि कधी अर्धवट "%ए" असं शेपूट राहील, पण खूण हीच, दोष नेहमी शेवटी. हे गेलेलं परत येत नाही, कच्चा लॉग दुसरीकडे असेल तर तिथनं आणा. आणि हो, लांब पत्ते लिहिणाऱ्यांच्या ऑर्डर मुळात आल्यात का तेही बघा. अपाचीची (सर्व्हर चालवणारा प्रोग्रॅम) रिक्वेस्टच्या ओळीची डिफॉल्ट मर्यादा ८१९० बाइट आहे, म्हणजे जेमतेम ९०० कोडपॉइंट, त्यात नाव, पत्ता, शेरा सगळं. त्यापेक्षा लांब असेल तर सर्व्हर ४१४ (पत्ता फार लांब, अशी चूक) देतो. लॉगमध्ये ४१४ शोधा, सापडले तर ते ग्राहक फॉर्म भरून वाट बघत बसले असणार.

दुसरं, पानाचं कॅरेक्टर सेट चुकीचं. जुन्या पानावर यूटीएफ-८ लिहिलेलं नसेल तर ब्राउझर फॉर्म त्या पानाच्या सेटमध्ये पाठवतो, आणि त्यात मराठी अक्षरं नसतातच, तेव्हा तो प्रत्येक अक्षराच्या जागी एचटीएमएलचा नंबर पाठवतो. ब साठी &#२३४८; असं, आणि ते एनकोड होऊन लॉगमध्ये %२६%२३२३४८%३बी. हे भयंकर दिसतं पण यातलं काहीही हरवलेलं नाही. पार्स_क्यूएसएल झाल्यानंतर त्या किमतीला एचटीएमएल मॉड्यूलचं अनएस्केप लावा, मराठी जशीच्या तशी उभी राहते.

तिसरं, मधे कुणीतरी बाइट विंडोज-१२५२ किंवा लॅटिन-१ समजून वाचलेले. मग वर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यापुढे चलनाचं गोल चिन्ह, असली तीनतीनची माळ दिसते. लॅटिन-१ असेल तर सोपं, ती स्ट्रिंग लॅटिन-१ मध्ये एनकोड करा आणि यूटीएफ-८ म्हणून डिकोड करा, सगळं परत येतं. विंडोज-१२५२ मध्ये मात्र ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटना अक्षरच नाही. आणि आपलं नशीब बघा, हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी आहे, चंद्रबिंदूचा ८१, ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणून "निपाणी" आणि "खानापूर" धडधाकट परत येतात आणि "येळ्ळूर", "चिक्कोडी" मधे मोडतात. एखाद्या यादीत जोडाक्षरवाली गावंच तेवढी मोडलेली दिसली की दुसरं काही शोधू नका, मधे कुठंतरी विंडोज-१२५२ आहे. मोडण्याची जागा ठराविक असल्यामुळं गावांची नावं यादीवरनं परत लावता येतात, माणसांची नावं मात्र फोन करून विचारा, अंदाजानं दुरुस्त करू नका.

चौथं, टक्का नसलेलेच बाइट. एखादं जुनं अ‍ॅप मराठी एनकोड न करता तशीच पाठवतं, तेव्हा अपाची आणि एनजिनएक्स दोघेही लॉगमध्ये ते बाइट बॅकस्लॅश एक्स ई०, बॅकस्लॅश एक्स ए४ असे लिहितात. अनकोटला हे दिसतच नाही. आधी बॅकस्लॅश एक्स चा % करा, पण फक्त जिथे पुढची दोन अक्षरं ८० ते एफएफ मधली हेक्स आहेत तिथेच, आणि मग नेहमीच्या रस्त्यानं न्या.

याशिवाय एक प्रकार असा की डिकोड नीट होतो, एरर नाही, शंकरपाळी नाही, तरी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. कुणी डीटीपीच्या फाइलमधनं श्रीलिपीचा किंवा नुडीचा मजकूर कॉपी करून फॉर्ममध्ये पेस्ट केला असेल तर असं होतं. ते युनिकोड नव्हतंच, फाँटनं रोमन कोडवर आपली अक्षरं चढवलेली होती. यूआरएलचा त्यात काही दोष नाही, त्या त्या फाँटचा कन्व्हर्टर लागेल.

बाकी भाषांचं पटकन सांगतो, कारण पुढे पान दुसऱ्या कशात लिहाल. पीएचपीत यूआरएलडिकोड प्लसचा स्पेस करतं, रॉयूआरएलडिकोड करत नाही, आणि डॉलर_गेट मधलं आधीच डिकोड झालेलं असतं, त्यावर परत लावायचं नाही. जांगो, फ्लास्क, एक्सप्रेस यांच्या रिक्वेस्टमधनं घेतलेल्या किमतीचंही तेच. जावास्क्रिप्टात क्वेरीसाठी यूआरएलसर्चपॅराम्स वापरा, ते प्लस सांभाळतं. डिकोडयूआरआयकंपोनंट प्लसला हात लावत नाही आणि मोडका बाइट दिसला की एरर देतं. अनएस्केप नावाचं जुनं फंक्शन मराठीला चालतच नाही, ते यूटीएफ-८ मानत नाही. जावात यूआरएलडिकोडरला कॅरेक्टर सेट स्वतः सांगा, एका आर्ग्युमेंटचं जुनं रूप जावा १८ च्या आधी मशीनच्या डिफॉल्टवर चालायचं आणि तुमच्या लॅपटॉपवर बरोबर आलेलं ग्राहकाच्या विंडोजवर मोडायचं. गो मध्ये क्वेरीअनएस्केप आणि पाथअनएस्केप अशी दोन वेगळी ठेवलीत, मला हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते, कुठला तुकडा उलगडताय ते तुम्हाला ठरवूनच लिहावं लागतं.

डिकोड झालं तरी नावं जुळवताना एक अडचण येणार. दुसऱ्या, साताऱ्यात, बिऱ्हाड यातला जो अर्धा र, तो दोन तऱ्हेनं टाइप होतो. एक ऱ म्हणजे ०९३१ मग हलन्त मग य किंवा ह, आणि दुसरा साधा र, हलन्त, त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर), मग य किंवा ह. दिसतं एकसारखंच. लॉगमध्ये दुसऱ्या तऱ्हेत मधे %ई२%८०%८डी दिसेल. पायथॉनच्या युनिकोडडेटाचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं) लावून बाकी बरंच सरळ होतं, पण हे दोन एक होत नाहीत. म्हणून स्वतः नियम लिहा, र हलन्त झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ हलन्त करा. सरसकट सगळे झेडडब्ल्यूजे पुसू नका, मग "दुसऱ्या" चं "दुसर्या" होतं आणि रफार वर चढतो.

गावांच्या नावांसाठी तर टेबलच करा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळं एकाच शहराच्या ऑर्डर बेळगाव, बेळगावी, कन्नडमधलं बेळगावी आणि रोमनमधली दोनतीन स्पेलिंग अशा येतात. कुणी काय लिहिलंय ते मूळ कॉलममध्ये जसंच्या तसं ठेवा, ज्यानं जे लिहिलं ते त्याचं आहे, डिलिव्हरीसाठी शेजारी एक ठरावीक गावकोड लावा.

एक्सेलला देताना सीएसव्ही यूटीएफ-८-सिग मध्ये लिहा, सिग (फाइलच्या सुरुवातीची यूटीएफ-८ ची खूण) नसेल तर विंडोजवरचं एक्सेल ती फाइल विंडोज-१२५२ समजून उघडतं आणि तुम्ही एवढं करून परत त्या तिरक्या रेघेच्या ए वर येता. फोनचा कॉलम मजकूर म्हणून ठेवा. एखादी किंमत = नं सुरू होत असेल तर एक्सेल तिला फॉर्म्युला समजतं, तिच्या आधी अपॉस्ट्रॉफी लावा. हीच यादी वेबपानावर दाखवणार असाल तर एचटीएमएल एस्केप करूनच दाखवा, एनकोड केलेल्या स्ट्रिंगच्या आत कुणी काय स्क्रिप्ट लपवून पाठवलंय ते डिकोड झाल्यावरच बाहेर येतं.

आणि हा फॉर्म गेटऐवजी पोस्ट पद्धतीचा करा, म्हणजे भरलेलं पत्त्यातनं जाणार नाही, दिवाळीची वाट बघू नका. लोकांचे फोन नंबर आणि घरचे पत्ते यूआरएलमध्ये जातायत म्हणजे ते सर्व्हरच्या लॉगमध्ये आहेत, ब्राउझरच्या हिस्ट्रीत आहेत, सायबर कॅफेत बसून कुणी ऑर्डर दिली असेल तर तिथल्या मशीनवर आहेत. पानावर मेटा कॅरसेट यूटीएफ-८ टाका, पोस्ट करा, डेटाबेसचं टेबल मायएसक्यूएल असेल तर यूटीएफ८एमबी४ ठेवा. तुमचं एक्सेल तयार झालं की त्या लॉगच्या ज्या कॉपी लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर करून घेतल्यात त्या पुसून टाका, मूळ एक सर्व्हरवर राहू दे, आणि बाजूच्या फाइलमध्ये ज्या ओळी शेवटपर्यंत सुटल्या नाहीत त्या दुकानदाराला कच्च्या स्वरूपातच तारखेसकट द्या. तारीख आणि फोन नंबर बहुधा इंग्रजी आकड्यांत असतात, ते सहसा मोडत नाहीत, आणि दुकानाच्या बिलबुकाशी ताडून बघितलं की त्यातली बरीचशी माणसं सापडतात.